बोरिवली वाटेत नाही

"सकाळी गेटवे, मगे राणीबाग, तुझे ते पेंग्विन बघूया, आणि दुपारी जरा बोरिवली," अप्पा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

चष्मा स्वच्छच होता. श्रियाने फोनवरचा मुंबईचा नकाशा बोटांनी मोठा केला. गेटवे अगदी खाली, बोरिवली पार वर. मुंबई बघायला एकच दिवस. सकाळी दादरला उतरायचं आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत कुडाळला यायचं. त्यातली अख्खी दुपार जाण्यायेण्यात घालवायची, आणि हे सुचवतंय कोण, तर मालवणच्या बाजारात जायलाही कंटाळणारे तिचे वडील!

"बोरिवली वाटेत नाय, अप्पा. थंय काय आसा?"

"आनंदी आसा मां. बहिणीक उभ्या उभ्या भेटाक नको?"

आत्याचं नाव आल्यावर खरं तर विषय मिटायला हवा होता. पण खुंटीवरची पिशवी श्रियाने आधीच उघडून बघितली होती. काजूगर, खाजं, कोकमाच्या आगळाची बाटली. सुक्या माशांचा पत्ता नाही. आत्या फोनवर आधी सुक्या बांगड्यांची चौकशी करते, मग माणसांची. तिच्याकडे रिकाम्या हाताने गेलेलं एक वेळ चालेल, खाजं घेऊन गेलं तर ती दारातच हिशेब चुकता करील. सुकं नेत नाहीत ते फक्त परक्या घरी, जिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवायचं असतं आणि पिशवीला वास येऊन चालत नाही.

श्रियाच्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या वर्षी दोनदा ती चहाचा ट्रे घेऊन अनोळखी माणसांपुढे उभी राहिली होती. दुसऱ्या वेळी मुलाच्या काकांनी तिला जरा चालून दाखवायला सांगितलं. आता पुन्हा नाही, असं तिने अप्पांना बजावलं होतं आणि अप्पांनी मान डोलावली होती. आणि आता पेंग्विनचं आमिष दाखवून तिला परस्पर बोहल्याकडे न्यायचा घाट! दोरीवर अप्पांचा नवा शर्ट वाळत होता. मिशीही कातरून झाली होती. मुलीच्या बापाने नीटनेटकं जायला हवं ना!

"सुक्या बांगड्यांची पुडी बांधतंय," ती उठत म्हणाली. "आत्याक आवडतत."

"नको गो! वास येतलो!" अप्पा जवळजवळ ओरडलेच.

"कोणाक येतलो?"

अप्पांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"कोण आसत ते लोक? खरा सांगा, अप्पा. माका दाखवूक नेतास मां?"

"तुका न्हय."

"मगे कोणाक?"

अप्पांनी दोरीवरच्या शर्टाकडे बघितलं. "माका," ते म्हणाले.

श्रियाला आधी काही कळेचना. अप्पा खाली बघून तुटक तुटक बोलत राहिले. आनंदीच्या शेजारी एक बाई रवता. नर्स होती, आता रिटायर झाली. एकटीच आसा. आनंदी सहा महिने मागे लागली आसा.

श्रियाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. मग गेलेली आई आठवली आणि भयंकर राग आला. पण तो राग काढायचा कुणावर? समोरच्या माणसाचे कान लाल झाले होते.

"माका कित्याक नाय सांगितलास?"

"मी पसंत पडलंय नाय तर कोणाक कळाक नको, म्हणान."

"मगे एकटेच जावा. माका कित्याक नेतास? आत्या असतली मां थंय."

"आनंदी मधली. ती दोनी बाजूंची." अप्पांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून बघितलं. "असा एकट्यान कसा जावचा, बाय? माझ्या बाजून कोणतरी मोठा माणूस होया मां."