नव्वद दिवसांचा नियम

"उन्मेष, आर यू शुअर? तुला आधी कुणीच सांगितलं नव्हतं?" संस्थेच्या संचालिका ॲमंडाने दुसऱ्यांदा विचारलं.

उन्मेषने टेबलाकडे बघत मान हलवली. "नो. मला तरी आठवत नाही."

समोर युनिस आँटी बसल्या होत्या. त्यांनी एक निळं फोल्डर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. घाबरल्यात बिचाऱ्या, असं उन्मेषला वाटलं. त्याने तिकडे बघायचंच टाळलं.

कॅनडात, रेजिना शहरातल्या त्या संस्थेकडे दत्तक गेलेल्या मुलांच्या जुन्या फायली होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये त्या पडून होत्या. गेल्या मार्चमध्ये उन्मेषने त्या नव्या सिस्टिमवर आणल्या. अकरा हजार चारशे निघाल्या, अकरा हजार चारशे पोचल्या. ऑफिसात केक कापला. जुना सर्व्हर पुसून टाकला. आणि परवा एक साठीची बाई आपल्या जन्मदात्या आईचं नाव विचारायला आली, तेव्हा कळलं की फायली आल्यात खऱ्या, पण एकही उघडत नाही. ज्या सॉफ्टवेअरने त्या उघडायच्या, ते सर्व्हरबरोबरच गेलं होतं.

"म्हणजे माझी आई तुमच्याकडे आहे," ती बाई काउंटरशी म्हणाली, "पण तुम्हाला ती दिसत नाही?"

चेकलिस्टवर 'फायली उघडून पाहिल्या' या ओळीपुढे युनिस आँटींचं नाव होतं. बरोबरची खूण मात्र उन्मेषने केली होती. आँटींची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि रिटायर व्हायला दोन महिने उरले होते. आता जाता जाता हा डाग त्यांच्या नावावर लागणार होता.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. आँटींनी फायली उघडून पाहिल्या होत्या. उघडल्या नाहीत म्हणून लगेच त्याला मेलही केला होता, चक्क दोघांच्या मायबोलीत, मराठीत, म्हणजे नीट कळावं. सर्व्हर बंद करू नकोस, म्हणून. पण शुक्रवारची डेडलाइन होती. जुन्या माणसांना नव्याची धास्ती असतेच, असं या नागपूरच्या दीडशहाण्याला वाटलं. एप्रिलमध्ये तर त्याने 'पेपरलेस' म्हणत आँटींच्या टेबलाजवळचा प्रिंटरसुद्धा उचलून नेला होता.

तो मेल आता कुठेच नव्हता. नव्वद दिवसांनी किरकोळ मेल आपोआप पुसले जायचे. नियम उन्मेषनेच केला होता. आज सकाळी त्याने सर्च करून पाहिलं, काही सापडलं नाही, आणि त्याला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं, याचीच त्याला आता मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. याच बाईने पहिल्या थंडीत आपल्या वारलेल्या नवऱ्याचा कोट त्याला दिला होता. नाताळात त्याच्यासाठी बिनमटणाचं वेगळं पातेलं चढवलं होतं. सगळं आठवत होतं. पण त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि तोंड काही उघडेना.

"युनिस, तुम्हाला काही सांगायचंय?" ॲमंडाने विचारलं.

आँटींनी उन्मेषकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नो." फोल्डर छातीशी धरून त्या उठल्या.

तो धावतच खाली पार्किंगमध्ये गेला. बाहेर उणे तीस होतं. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावलेली गाडीच्या हीटरची वायर आँटी प्लगमधून काढत होत्या.

"आँटी, मी..."

"हे घे." त्यांनी निळं फोल्डर त्याच्या हातात ठेवलं. "आता तुझ्याकडेच असू दे."

त्याने उघडून पाहिलं. मार्चमधल्या त्या मेलची प्रिंट होती. "हे... हे तुम्ही आत का नाही दाखवलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबले रे." वायर गुंडाळत त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं तिने तुला."

गाडी निघून गेली. बोटं बधिर व्हायला लागली तरी उन्मेष तिथेच उभा होता. कागदावर वरती आँटींच्या तीन ओळी होत्या. त्या त्याला पाठ होत्या. खाली त्याने दिलेलं उत्तर होतं, ते मात्र तो साफ विसरला होता.

"आँटी, उगाच घाबरता तुम्ही. मी करतोय सर्व्हर बंद. उद्या काही झालंच, तर बिनधास्त माझं नाव सांगा. मी आहे ना!"