जागेवर नसलेला ठिपका

फोटोत ठिपका होता, पण जागेवर नव्हता. पवित्रानं तिसऱ्यांदा आकडे ताडून पाहिले आणि संगणक बंद करायला हात पुढे केला.

तीन वर्षांचं संशोधन त्या ठिपक्यावर उभं होतं. रेडिओ दुर्बिणीला आकाशात एका जागेवरून लहरी येताना सापडल्या होत्या. अवकाश दुर्बिणीनं २००१ साली घेतलेल्या फोटोत त्याच जागेजवळ एक मंद दीर्घिका दिसत होती; तोच हा ठिपका. लहरी तिच्यातूनच येतात, असं पवित्राचं म्हणणं. पण दोन्ही जागांत फरक पडत होता. पाच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, जेमतेम तेवढा. तेवढाही चालणार नव्हता. ‘सोमवारपर्यंत जुळलं नाही तर विषय बदला,’ असं पुण्याहून मार्गदर्शक सरांनी कळवलं होतं.

“काय बिघडलं गं?” तिच्या अज्जांनी, म्हणजे आजोबा बसलिंगाप्पांनी विचारलं. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते शिवाजी पेठेतल्या पोरांना गणित शिकवत. आताही पुढ्यात वह्यांचा ढीग होता.

तिनं सांगितलं. अज्जा खुर्ची ओढून पडद्याशी बसले.

“आन् हे बाकीचे ठिपके?”

“ते जवळचे तारे. माझ्या कामाचे नाहीत.”

“त्यांच्या जागा ठाऊक हायत?”

“हो. तारासूचीत एकेकाची नेमकी जागा दिलेली असते.”

“मग आधी त्यांस्नी मोज की! हद्दीचा एक दगड चुकला तर कुणीतरी हलवला म्हणावं. सगळेच चुकले तर दगड न्हाय, आपली फळी हललीया.”

फळी म्हणजे तिपाईवरचा पाट. त्यावर कागद लावून मोजणीदार शेताचा नकाशा काढत.

पवित्रानं नऊ तारे निवडले. पहिला सूचीतल्या जागेपासून किंचित ईशान्येला निघाला. दुसराही तेवढाच, त्याच बाजूला. नववाही तसाच. नऊ तारे एकदम, एकाच बाजूला कसे सरकतील? दुर्बिणीनं फोटोला दिलेली जागाच तेवढी चुकली होती. तिनं सगळा फोटो तेवढाच मागे घेतला. रेडिओची खूण दीर्घिकेच्या बरोबर मधोमध बसली.

ती पाया पडायला वाकली. “प्रबंधात पहिले आभार तुमचे, अज्जा.”

अज्जांनी पाय मागे घेतले. “माझं नको. बनाबाईचं नाव लिही.”

“कोण बनाबाई?”

“नृसिंहवाडीकडची. एकटी शेत करायची. मी नोकरीत नवा. तिच्या हद्दीचा दगड नकाशात बसंना. बाईनंच सरकवलाय, असं लिहून मोकळा झालतो. जमीन गेली असती तिची. तिनं मनगट धरलं आन् आठ शेतांच्या बांधावरनं फिरवलं मला. ‘ह्यो बी म्याच सरकवला व्हय रं? आन् ह्यो?’ सगळे दगड तेवढेच चुकलेले. फळीला माझाच पाय लागला होता.”

“मग? शिव्या घातल्या असतील.”

“पोटभर. मनगट मातूर सोडलं न्हाय. तसंच घरात नेलं, पाट मांडला. म्हणाली, ‘चोर म्हणालास न्हवं मला? आता जेवल्याबिगर जायाचं न्हाय.’”