काकाची वाटी

चिहायाच्या ताटात आता भात चारच घास असतो, बांगडा भरपूर, आणि शेजारी जीवनसत्त्वाची गोळी. सुकत चाललेल्या या पोरीला भात-साखर सोसत नाही, हे डॉक्टरांना उमगलं ते फुमिएआजीच्या एका बोलण्यावरून: "हिचा काकाही अस्साच होता. शेंगदाण्यांवर जीव, भात दिसला की तोंड फिरवायचा. मी मेली बळेबळे भरवायची, अन् तो सुकत सुकतच गेला."

आज आजीने रोजच्यासारखी वाफाळत्या भाताची वाटी देवघरात, गेलेल्या लेकाच्या फोटोपुढे ठेवली. गोळी गिळून चिहाया म्हणाली, "आजी, अजून काकाच्या मागे लागलीच आहेस होय?"

आजी हसली, मग तिने डोळे पुसले. भात काढून तिने वाटीत शेंगदाणे भरले.

"खा रे राजा. तुझ्यामुळेच वाचली बघ ही."