दर्ग्याची उंची
पिंपळगाव राजाजवळच्या मैदानात रुग्ण न्यायला हेलिकॉप्टर पहिल्यांदाच येणार होतं. अपघातातली बाई अँब्युलन्समध्ये होती. समीक्षानं सहज वर पाहिलं. लगतच्या दर्ग्याच्या अंगणात घुमटाहून कितीतरी उंच लोखंडी पाइप उभा होता, टोकाला हिरवं निशाण. हेलिकॉप्टरचे नकाशे बनवणाऱ्या कंपनीसाठी मैदानाभोवतीच्या प्रत्येक वास्तूची उंची तिनंच मोजली होती. तेच आकडे पायलटच्या स्क्रीनवर होते, आणि तेव्हा हा पाइप नव्हता. ती धावत मुजावर गफ्फारचाचांकडे गेली. “चाचा, मी मोजलं तवा निशाण कुठं होतं?” “तू उरसाच्या आदल्या दिवशी आल्ती. त्या दिवशी पाइपासकट जुनं उतरोतो, सकाळी नवं चढोतो. मंग वर्षभर त्याले कोनी हात लावत नाई.” तिनं कंपनीला फोन लावला. पायलटशी संपर्क होईना, आणि नवा आकडा पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्येच चढणार होता. तेवढ्यात लांबून घरघर आली. “चाचा, पायलटच्या नकाशात हा पाइपच नाई!” चाचांनी एकदा अँब्युलन्सकडे पाहिलं. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून बुडाची खीळ काढली आणि चौघांच्या मदतीनं पाइप आडवा केला. हेलिकॉप्टर उतरलं, बाईला घेऊन गेलं. समीक्षानं मोजायचं यंत्र काढलं. “उभा करा, चाचा. आता खरी उंची टाकते.” “टाक. पण दर उरसाले येत जाय, पोरी,” चाचा म्हणाले, “मन्नतीचा पाइप हाय. मन्नत फळली का कोनी तुकडा जोडते; दरसाल हातभर वाढते.”