वाढदिवसाचं सूप

"वाढदिवसाला समुद्रशेवाळाचं सूप प्यायचंच, दोह्वाना." वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांचा तो आवाज अजून दोह्वानच्या कानात होता. आज वाढदिवस, तरी आईनं नुसती भात-मासळी वाढली. दुपारी त्याच्या गुप्त पथकाला अतिरेक्यांनी धरलेल्या जहाजावर उतरायचं होतं. मेजाखाली त्याचा पाय सारखा हलत होता.

"सूप विसरलीस ना? म्हातारी झालीस गं."

"विसरले नाही. परीक्षेला निघालेल्याला ते देत नाहीत. शेवाळ बुळबुळीत, माणूस घसरतो म्हणतात."

"कसली परीक्षा? मी फ्रीज विकतो, आई."

ती त्याच्या पानातल्या माशाचे काटे काढत राहिली.

 

"फ्रीज विकायला जातो, असंच सांगायचे तुझे बाबाही. शेवटचे गेले, त्या सकाळी मी त्यांना पोटभर सूप वाढलं होतं."