अडतीस अंश

रविवारी सकाळी आठ वाजता अश्वजित जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधल्या आपल्या घराखाली गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. बॅटरीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून त्याचे वडील सुदाम नांदेडहून इंजिनात डोकावत होते. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेल्या या माणसाला मुलाच्या चेहऱ्यापेक्षा मुलाच्या इंजिनात जास्त रस होता.

मंगळवारी गाडीची ट्यूफ, म्हणजे सक्तीची फिटनेस तपासणी होती आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही केल्या विझत नव्हता. धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी नळी अश्वजितने बदलली होती, तिचा व्हॉल्व्हही घासून साफ केला होता. तो गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. सेन्सरचा कुठला आकडा खरा मानायचा आणि कुठला नाही, याच्या मर्यादा ठरवायचं त्याचं काम. स्वतःच्या तेरा वर्षांच्या डिझेल गाडीपुढे मात्र त्याने हात टेकले होते.

दर रविवारी जय भीम झालं की तो आधी आईची चौकशी करायचा. जानेवारीत तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सुदाम म्हणायचे, बरी आहे, झोपली आहे. मग लगेच गाडीचा विषय. एप्रिलअखेरची रजा मंजूर होऊन पडली होती, पण तिकीट काढू का विचारलं की ते म्हणायचे, कशाला उगाच. ते ऐकून अश्वजितला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची. आजही हे सगळं बोलून झालं होतं.

सुदामनी विचारलं, गाडी रात्रभर उभी होती का. होती. मग इंजिन चालू न करता नुसती चावी फिरव आणि सगळी तापमानं वाचून दाखव, ते म्हणाले. अश्वजितने लॅपटॉप जोडला. बाहेरची हवा चार अंश. इंजिनातलं पाणी चार. आत जाणारी हवा चार. परतीच्या धुराचा सेन्सर अडतीस.

तो आकडा त्याने महिनाभर पाहिला होता. अडतीस मर्यादेत बसतात, म्हणून दर वेळी पुढे गेला होता.

सुदामनी हात लावून बघायला सांगितलं. नळी गारठलेली होती. मग त्यांनी केस वाळवायचा ड्रायर आणायला सांगितला. अश्वजितने खिडकीतून वायर सोडली. रविवारी इथे आवाज चालत नाही, भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात येतात, म्हणून त्याने ड्रायर सगळ्यात हळू लावला. दहा मिनिटांनी नळीचा चटका बसायला लागला. लॅपटॉपवर अडतीसच.

"मेलाय तो," सुदाम खुशीत म्हणाले. "अरे, आपण वाकडा आकडा हुडकत बसतो. जो कधीच बदलत नाही ना, त्याला आधी धरायचं. तो काही बघत नसतो, नुसतं पाठ केलेलं सांगतो."

अश्वजितने ड्रायर बंद केला. नांदेडला दुपारचा एक वाजत आला होता. आईला दुपारी झोपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पप्पा," तो म्हणाला, "नऊ रविवार झाले, तुम्ही एकच सांगताय."

त्याने फोन उचलला आणि स्वतःकडे वळवला. सुदामना आता बघायला इंजिन नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, आणि तो हातातच धरून बसले.

"एप्रिलची वाट बघू नको," ते म्हणाले.