अगातीनाच्या झडपा

नवऱ्याला माती देऊन आठवडा झाला नाही, तोच अगातीनानं रस्त्याकडच्या खिडकीच्या झडपा उखडल्या, भट्टीत घातल्या आणि त्या जाळावर पाव भाजले. घरात दुखवटा असला की वर्षभर झडपा मिटलेल्या ठेवायच्या, ही सिसिलीतल्या त्या गावची रीत. गाव थुंकायला लागलं, तसा तिचा दीर तूरी तिला घेऊन तणतणत सुताराकडे आला.

"फटी नसलेल्या झडपा कर, नीनो," त्यानं फर्मावलं. "विधवेचं तोंड रस्त्याला दिसता कामा नये."

"भावोजी म्हणतात तशाच कर," अगातीना म्हणाली. "चांगल्या जाडजूड. रंगही त्यांच्याच पसंतीचा दे."

तूरीचा राग निवळला. "आता कसं शहाण्यासारखं बोललात, वहिनी!"

म्हाताऱ्या नीनोनं पाटीवर माप मांडलं आणि मान वर न करताच विचारलं, "कडी पहिल्यासारखीच ना?"

"नाही," अगातीना म्हणाली. "या खेपेला आतून बसव."

नीनोच्या हातातला खडू थांबला. तूरी घसा खाकरत म्हणाला, "दादानं ती बाहेरून लावून घेतली होती, ती तुमच्या काळजीपोटीच..."

"हो ना. मळ्यावर जाताना दाराला कुलूप आणि झडपांना कडी. आणि तुम्ही येता-जाता ती ओढून बघायचात, नीट बसलीय ना म्हणून." अगातीनानं डोक्यावरची काळी शाल सारखी केली. "आता बघा ओढून."